राजूर घाटातली डबल बेल

निरोप समारंभात माइक हातात घेऊन मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की तीस वर्षांच्या कंडक्टरकीत माझ्या गाडीनं एकही माणूस मागे सोडला नाही. पहिल्या रांगेत बसलेली माझी बायको तेव्हा एवढ्या जोरात खाकरली, की आमच्या साहेबांनी तिच्यासाठी पाणी मागवलं. पाणी तिला नको होतं. तिला माइक हवा होता.

त्याचं असं आहे. ती आरोग्य खात्यात नर्स होती आणि काही वर्षं तिचं उपकेंद्र माझ्याच लाल गाडीच्या रस्त्यावर होतं. लशींचा निळा डबा मांडीवर घेऊन ती नांदुऱ्याला बसायची. मी इतरांसारखाच तिलाही पास विचारायचो आणि ती तो माझ्याकडे न बघता दाखवायची. एके दिवशी पिंपळगाव राजाच्या स्टँडवर डब्यातला बर्फ बदलायला ती खाली उतरली आणि तेवढ्यात गाडीची वेळ झाली. मी घड्याळ बघितलं आणि घंटीची दोरी दोनदा ओढली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आमच्या खात्यात हे लहान पोरालाही कळतं. गाडी निघाली. मागच्या काचेतून ती दिसत होती, एका हातात डबा, दुसऱ्या हातात बर्फ.

संध्याकाळी घरी ताट झाकून ठेवलेलं होतं आणि वाढायला कोणी नव्हतं. मी म्हणालो, "गाडीची येळ म्हंजे येळ."

"ध्यानात ठेवीन," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

तिनं ठेवलं. वीस वर्षांहून जास्त ठेवलं.

मी कंडक्टर होतो, ड्रायव्हर नव्हतो, हे इथे स्पष्ट केलेलं बरं. लोकांना वाटतं दोन्ही एकच. ड्रायव्हरच्या पाठीमागे तीस वर्षं उभं राहून गाडी चालवण्यातलं सगळं मला कळतं. फक्त चालवता येत नाही. तरुणपणी एकदा डेपोच्या आवारात एका मित्राची जीप हाती घेतली होती. तिथलं कडुनिंबाचं झाड अजून थोडं वाकडं आहे. त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही.

बायको माझ्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाली. घरी आल्यावर तिनं जाहीर केलं की तिला पाटल्या नकोत, तीर्थयात्रा नको, नवा फ्रिज नको. गाडी हवी, आणि ती स्वतः चालवणार. मी हसलो. माझा स्वभावच तसा, आधी हसतो आणि मग पस्तावतो. ती नातीच्या वयाच्या मुलींबरोबर मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासला जाऊ लागली, पदर खोचून, पायात पांढरे बूट घालून. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं. मग एक जुनी, पांढरी, छोटी गाडी आमच्या दारात उभी राहिली आणि गल्लीतल्या बायका तिच्यात बसून बाजारात जाऊ लागल्या. खरं सांगतो, गाडी गल्लीतून बाहेर पडताना मी फाटकात उभा राहायचो आणि माझी मान आपोआप ताठ व्हायची. पण हे मी तिला कधी बोललो नाही. बोलायचो ते चुकांबद्दल.

सुरुवातीच्या दिवसांत एकदा माझा एक पाय गाडीत आणि एक रस्त्यावर असतानाच ती निघाली. पडलो नाही, पण चप्पल मागे राहिली. तेव्हा मी नियम घालून दिला, "डबल मारल्याबिगर गाडी हलवाची नाई." मी बसायचो, दार लावायचो आणि सीटच्या पाठीवर हाताच्या पंजानं दोनदा थाप मारायचो. थप्, थप्. मग ती निघायची. थांबायचं असेल तर एक थाप. एवढी सवय झाली, की देवळात जायला निघालो तरी थाप पडेपर्यंत ती समोर बघत बसून राहायची. हा नियम माझाच, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

माझी जागा आधी तिच्या शेजारी, पुढेच होती. पण चौक आला की माझा उजवा पाय पुढची चटई दाबायचा. तिथे ब्रेक नव्हता, तरी दाबायचा. उतार आला की हात हँडब्रेककडे जायचा. आणि तोंड तर मोकळंच. "आता दुसरा टाक. क्लच सोड. अव तो सायकलवाला पाह्य." महिनाभर तिनं ऐकून घेतलं. मग एका सकाळी मागचं दार उघडून धरलं.

"मांगं बसा. तीस वर्सं मांगंच होते न? आता काय झालं?"

तेव्हापासून मी मागे.

आमचा मुलगा पुण्याला असतो. शेजारी कोणी असलं की फोनवर पुणेरी बोलतो, चिडला की वऱ्हाडीवर येतो. त्याला आईच्या गाडीची धास्ती. त्याचं म्हणणं असं, की आई गाडी चालवत नाही, बाबा चालवतात, फक्त तोंडानं. मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही दोन दिवस फिरून यायचं ठरवलं. नांदुऱ्याहून निघायचं, मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला जायचं, तिथून लोणार, मग दुसरबीडला तिच्या मोठ्या बहिणीकडे मुक्काम, आणि परत येताना बोथ्याच्या जंगलातून खाली उतरायचं. मुलाला हे कळलं आणि तो चिडला.

"घाट हाय तो, बाबा, बाजारातली गल्ली नाई! ड्रायव्हर करून जा."

"आई चालवते न."

"तुमी सांगता म्हनून चालवते. तिनं एकटीनं, तुमच्या सांगन्याबिगर घाट चढवला त मी मानीन. नाईतं दिवाळीले येतो आन् गाडी पुन्याले घेऊन जातो. तुमाले काई झालं त मी तिथून काय करू?"

फोन स्पीकरवर होता. बायको भाजी निवडत होती. त्या दुपारी तिनं गाडीची पुढची काच तीनदा पुसली.

पोरगा काळजीपोटीच बोलला, त्याला दोष नाही. आणि लपवून काय उपयोग, माझाही विश्वास नव्हता. ती सपाट रस्त्यावर झकास चालवायची, पण चढावर थांबून पुन्हा गाडी उचलणं तिला जमत नव्हतं. हँडब्रेक ओढून धरायचा, क्लच हळूहळू सोडत इंजिनाचा आवाज जड होऊ द्यायचा आणि मग हँडब्रेक खाली घ्यायचा, एवढंच ते. पण पायाला ते कळेपर्यंत गाडी मागे घरंगळते. राजूर घाटात मी शेकडो वेळा चढलो-उतरलोय. तिथे थांबावं लागत नाही असा दिवस क्वचितच.

निघायच्या सकाळी तिनं अट घातली. "घाटात एक शबुद बोलान, त तिथीच गाडी उभी करीन आन् चाबी पोराले देऊन टाकीन. मले कोनाच्या तोंडानं चालवाची नाई."

"नाई बोलत."

"हूं बी नाई."

"हूं बी नाई," मी म्हणालो.

नांदुऱ्यातच, रेल्वेच्या पुलाच्या चढावर, समोर कापसाची गाडी अडली आणि आम्हाला थांबावं लागलं. उचलताना आमची गाडी हातभर मागे आली. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्नवर हातच ठेवला. दुसऱ्या प्रयत्नात निघाली. आरशात मला तिचा चेहरा दिसला, उतरलेला. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"चूप बसा," ती म्हणाली.

"म्या काई बोललोच नाई."

"मनात बोलून राह्यले होते."

ते खरं होतं. मी मनात म्हणत होतो की पुलावर ही गत, तर घाटात काय होणार, आणि मोताळ्यालाच काहीतरी निमित्त काढून परत फिरावं. पण मोताळा मागे पडला. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली शेतं, त्यात ठिकठिकाणी ढीग, आणि कपाशीची पहिली बोंडं फुटलेली. समोर डोंगराची रांग. लांबून ती निळी दिसते, जवळ जाऊ तसतशी हिरवी होत जाते, आणि मग एकदम सागाची मोठाली पानं अंगावर येतात. उन्हाळ्यात हाच डोंगर बोडका असतो. घामानं चिकट झालेल्या नोटा मोजत मी त्याच्याकडे कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी मागच्या सीटवर, तोंड बंद ठेवून, मी तो पहिल्यांदा बघितला. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. हवेत गारवा आला. एवढी सुंदर वाट माझ्या रोजच्या ड्यूटीची होती, याचा मला फार अभिमान वाटला. जणू घाट मीच बांधला होता.

चढ सुरू झाला आणि पाठोपाठ डिकी खडखडायला लागली. मेव्हणीसाठी एक कोहळा, ज्वारीचे पापड आणि कसलीकसली गाठोडी तिनं डिकीत कोंबली होती, त्या डिकीचं झाकण उघडलं होतं. बोलायची तर बंदी. मी सीटवर एक थाप मारली. तिनं पहिल्या मोठ्या वळणाच्या अलीकडे, रस्ता रुंद आणि सपाट आहे तिथे, गाडी नीट कडेला घेतली. मी उतरलो, दार लावलं. दार उघडं ठेवून खाली उतरणं माझ्या रक्तात नाही. मागे गेलो, कोहळा आत ढकलला आणि दोन्ही हातांनी डिकी धाडकन बंद केली.

आणि मग माझा हात, स्वतःच्या मनानं, डिकीवर दोनदा पडला. थप्, थप्.

गाडी निघाली.

"अव! अव थांब!" मी ओरडलो. दहा पावलं पळालो. गुडघ्यानं सांगितलं, बस. पांढरी गाडी वळणाला लागली, इंडिकेटर देऊन, व्यवस्थित, आणि दिसेनाशी झाली. तिचंही काय चुकलं? धाडकन आवाज झाला तो तिला दाराचा वाटला. डबल मिळाली. मागून आवाज येत नाही, तर नवरा शब्दाला जागतोय. काचा बंद, नजर घाटाच्या रस्त्यावर, आरशात बघणार कधी? मी खिसे चाचपले. मोबाइल सीटवर राहिला होता. वरच्या खिशात एक नोट आणि चष्म्याचं फडकं, एवढाच माझा संसार.

मी कठड्यावर बसलो. आधी राग आला, तोही तिचाच. माणसाला आपली चूक कळायला दोन मिनिटं लागतात. मग भीती वाटली. त्या ठिकाणाहून घाटाचे वरचे रस्ते सागाच्या फटींतून दिसतात. एक वळण दिसतं, मग झाडी, मग दुसरं. मी उभा राहिलो आणि वर बघत राहिलो.

गाडी दिसली. दुसऱ्या गिअरला होती, आवाजावरून कळलं. वळण घेतलं, चांगलं मोठं घेतलं. पुन्हा झाडीत. पुन्हा दिसली. आणि मग मला तिच्या पुढचा ट्रक दिसला, पोत्यांनी भरलेला, धापा टाकत चाललेला. आणि तो कुठे निघाला होता, तर सासूच्या वळणाकडे.

हे नाव नकाशात नाही, आमच्या ड्रायव्हर मंडळींनी ठेवलेलं. कसंही घ्या, ते वळण कुरकुर करणारच. तिथे चढही आहे आणि पीळही आहे. भरलेला ट्रक तिथे हमखास दम खातो. या ट्रकनंही खाल्ला. तो थांबला. तिच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. तिच्या मागे एक जीप येऊन चिकटली, मध्ये माणूस आडवा जाणार नाही एवढी. आणि वरून एक बस उतरत होती.

मी खाली, ती वर. बोलायला मोकळा होतो, पण ऐकायला कोणी नव्हतं. तरी मी बोललो. त्या रिकाम्या रस्त्यावर मोठ्यानं बोललो, "हँडब्रेक ओढ. घाई करू नको. इंजिनचा आवाज आइक." माझा उजवा पाय रस्त्याचं डांबर दाबत होता. इतक्या वर्षांत मला कोणत्या गाडीची एवढी काळजी वाटली नव्हती. आणि अपघाताची भीती तर होतीच, पण तिच्याहून मोठी भीती वेगळी होती. गाडी मागे आली तर ती पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावणार नाही, चावी पुण्याला जाईल, आणि पांढरे बूट माळ्यावर जातील.

बस उतरून गेली. ट्रकनं काळा धूर सोडला आणि हलला. लाल दिवे विझले.

गाडी मागे आली नाही. तिथेच क्षणभर थरथरली, आणि पुढे गेली. जीपच्या आणि तिच्यामधलं अंतर वाढत गेलं. तिनं सासूचं वळण घेतलं आणि सागाच्या आड गेली.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. एक मोटारसायकलवाला जाता जाता माझ्याकडे बघून गेला, त्याला वाटलं असेल म्हातारा वेडा आहे. वेडा तर वेडा. डोळे भरून आले होते आणि छाती अशी फुगली होती, की निरोप समारंभात शाल पांघरली तेव्हासुद्धा फुगली नव्हती. बाई माझी होती आणि घाट तिनं चढवला होता.

थोड्या वेळानं खालून लाल बस आली. मी रस्त्याच्या मध्ये जाऊन हात केला. ती थांबली. दारात कंडक्टर बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची.

"इथं थांबा नाई, बाबाजी. इथं कसे काय?"

"सोडून देलं मले."

"कोनं?"

"बायकोनं."

अख्खी बस हसली. सीताफळाची टोपली मांडीवर घेतलेल्या एका म्हातारीनं काळजीनं विचारलं, "भांडन झालं काय बाप्पा?"

"नाई मायं. गाडी ते चालवून राह्यली होती. म्या डिकी लावाले उतरलो आन् सवयीनं डबल मारून देली. मी रिटायर कंडक्टर हाय."

लोकांना यातलं अर्धं कळलं. पण कंडक्टर बाईला पूर्ण कळलं. ती दांडीला धरून एवढी हसली, की तिला ड्रायव्हरला घंटी द्यायचं सुचेना. मग दिली. मी तिकीट मागितलं. ती नको म्हणाली, मी म्हणालो, "बाई, नियम म्हंजे नियम." राजूर घाटात प्रवासी म्हणून काढलेलं माझं ते पहिलं तिकीट.

मी पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागे उभा राहिलो, माझ्या जुन्या जागी. आणि मग माझं तोंड जे सुटलं, ते सुटलं. घाटभर न बोलण्याचं ठरलं होतं, ते आमच्या गाडीपुरतं. या वळणावर तिनं कसं मोठं वळण घेतलं, इथे कसा ट्रक थांबला, मागे जीप कशी चिकटली, सगळं सांगितलं. पोरंबाळं खिडकीला लागून बघायला लागली. म्हातारी म्हणाली, "नर्सबाई काय? लसा टोचाची ते? माह्या पोराले तिनंच टोचलं होतं." ते तिनं कशावरून ओळखलं ठाऊक नाही, पण मी हो म्हणालो.

ड्रायव्हरनं मान न वळवता विचारलं, "सासूच्या वळनावर थांबून उचलली? भरल्या ट्रकामांगून?"

हे नाव अजून चालतंय, हे ऐकूनच मला बरं वाटलं. "हाव."

"मांगं नाई आली?"

"नाई."

"मंग चालवते," तो म्हणाला.

ड्रायव्हर लोक एकमेकांना याहून मोठं प्रशस्तिपत्र देत नाहीत. मी तीस वर्षं त्यांच्यात काढली आहेत.

घाट संपतो तिथे पांढरी गाडी उभी होती, तोंड खालच्या बाजूला वळवून, चारही दिवे लुकलुकत. ती परत खाली उतरायला निघाली होती. चढणं एक वेळ सोपं, पण भेदरलेल्या मनानं घाट उतरायला तिनं गाडी फिरवली होती, ते माझ्यासाठी. ती दाराशी उभी होती, पदर खोचलेला, हातात माझा मोबाइल. कंडक्टर बाईनं एक घंटी दिली. मी उतरलो.

"डबल कोनं मारली?" तिनं विचारलं.

"म्या."

"गाडीत कोन नव्हतं?"

"मीच."

खिडक्याखिडक्यांतून माणसं बघत होती. बसमध्ये दोन घंट्या वाजल्या तशी तिनं माझं मनगट गच्च धरलं, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत सोडलं नाही.

मग तिचा आवाज बदलला. "सगळा घाट चढवला म्या. वर आली आन् म्हनलं, बोला आता, कशी चालवली? तुमी बोलेच ना. वाटलं, रुसले. मंग वळून पाह्यलं त सीटवर फकस्त मोबाइल. जीवच गेला माहा." तिनं मोबाइल माझ्या हातात ठेवला. "आन् मंग वाटलं, एवढं केलं, पाहाले कोनीच नव्हतं."

"म्या पाह्यलं न."

"कुठून?"

"खालून. कठड्यावरून. सगळं." आणि मी तिला वळणावळणानं सांगितलं. दुसरा गिअर. मोठं घेतलेलं वळण. ट्रक, जीप, उतरणारी बस. "आन् उचलली तवा एक वीत बी मांगं आली नाई. एक बोट बी नाई."

"खरं सांगून राह्यले?"

"मी कंडक्टर हाय. खोटा रिपोर्ट देत नसतो." मग मी ते बोललो, जे फाटकात उभा राहून कधी बोललो नव्हतो. "लय भारी चालवली तू. मले लय अभिमान वाटला."

ती डोंगराकडे बघत राहिली. पदरानं डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि गाडीत बसताना म्हणाली, "पिंपळगाव राजाची आठोन आली काय कठड्यावर?"

"आली."

"मले बी आली. रिकामी सीट पाह्यली, आधी भ्याली. मंग जरासं हासूच आलं. मंग पुन्हा भ्याली."

बुलढाण्यात आम्ही चहा घेतला, एकमेकांकडे बघून उगाच हसलो. पुढचा रस्ता तिनं अशा झोकात काढला, की चिखली आणि मेहकर कधी आलं ते कळलं नाही. लोणारच्या सरोवराच्या काठावर उभी राहून तिनं तो सगळा गोल डोळ्यांत भरून घेतला आणि विचारलं, इथे खाली गाडी जाते का. मी नाही म्हणालो. जात असती तर तिनं नेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरबीडला, मेव्हणीच्या ओसरीत आम्ही निघायच्या तयारीत होतो, तेव्हा मुलाचा फोन आला. स्पीकर लावला. मेव्हणी, तिची सून आणि शेजारच्या दोघी ऐकत उभ्या होत्या. तिकडे त्याच्या शेजारी कोणी असावं, कारण तो पुणेरीत होता.

"पोचलात ना नीट? घाट कसा झाला?"

"आईनं चढवला."

"बाबा, खरं सांगा. किती वेळा हँडब्रेक तुम्ही ओढला? किती वेळा सांगावं लागलं?"

"एक बी शबुद बोललो नाई."

"बाबा, तुम्ही? गाडीत बसून? एक शब्द नाही?"

"मी गाडीत नव्हतोच."

त्याचं पुणेरी गळून पडलं. "मंग कोठी होते?"

"मांगच्या लाल बसमधी. तिकीट हाय माह्यापाशी, पाठवू काय फोटो? राजूर घाट ते बुलढाना. आई एकटीच होती. सासूच्या वळनावर भरल्या ट्रकामांगं थांबली आन् उचलली. गाडी एक बोट मांगं आली नाई."

तो हळूच म्हणाला, "आईले द्या."

ती समोरच होती, पण त्याला तिच्या हातात फोन हवा होता. मी दिला. तिनं स्पीकर बंद करून कानाला लावला. तो काय म्हणाला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिचा चेहरा त्या लशीच्या डब्याच्या दिवसांतल्यासारखा तरुण दिसत होता. ते तिकीट मी अजून जपून ठेवलंय, समारंभात मिळालेल्या घड्याळाशेजारी. गाडी दिवाळीत पुण्याला गेली नाही. मुलगाच आला, आणि आईच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसून घाट बघून आला.

पण त्या सकाळी तिनं बोलणं अर्ध्यावरच तोडलं. "बरं, ठेव आता. बोथ्याचा घाट उतराचा हाय. गाडीची येळ म्हंजे येळ."

ती स्टिअरिंगवर बसली, पांढऱ्या बुटांचे बंद एकदा ओढून घेतले आणि समोर बघत थांबून राहिली. मी मागे बसलो. दार लावलं. डिकीकडे वळून बघितलं. मग स्वतःचे दोन्ही गुडघे हातांनी चाचपून खात्री केली, की मी गाडीत आहे, आणि तिच्या सीटवर दोनदा थाप मारली.